डाळ शिजली म्हणजे पाणी चांगलं?



बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसले आहे. जर्सीचं प्रवासवर्णन कधी लिहिणार, असं विचारून पुण्याच्या वन्सं आणि दोघी भाच्या थकल्या. तर हे प्रवासवर्णन नाही, आधीच सांगते. किल्ले, समुद्रकिनारे, गाईंचे फोटो जावईबापूंनी घरच्या ग्रुपवर टाकलेलेच आहेत. मला लिहायचं आहे ते तिथल्या पाण्याबद्दल. आणि त्यावरून घरात जे झालं, त्याबद्दल.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: जर्सी हे इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातलं बेट. मालकी ब्रिटिश राजाची, पण नकाशात बघाल तर फ्रान्सला खेटून, जेमतेम २२ किलोमीटरवर. क्षेत्रफळ ११८ चौरस किलोमीटर, वस्ती लाखाच्या थोडी वर. धाकटी मुलगी आणि जावई तिथे नोकरीला आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये मी तिच्या बाळंतपणासाठी गेले होते. त्यांचं भाड्याचं घर बेटाच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यात, सेंट वॉन भागात. (लिहितात ओउएन आणि म्हणतात वॉन. तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलेल्या बाईची दया करा.) आजूबाजूला बटाट्याची शेतं, घराच्या भिंती गुलाबीसर ग्रॅनाइटच्या, आणि अंगणाच्या कडेला एका लाकडी खोक्याखाली बोअर. नगरपालिकेचा नळ तिथवर पोचलेला नाही. सगळं घर त्या बोअरवर.

पहिल्याच दिवशी तुरीची डाळ लावली. दोन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. साबणाचा फेस इतका की डोक्यावरून धुऊन निघता निघेना. चहावर साय नाही, किटलीत पांढरा थर नाही. आई सांगायची, ज्या पाण्यात डाळ शिजते ते पाणी चांगलं. मी मुलीला म्हटलं, "बाई, नशीबवान आहेस, आपल्या बावीसारखं पाणी मिळालंय तुला."

या वाक्याची मला आजही लाज वाटते. पण ते नंतर.

आधी थोडी शाळा घेते, सवय जात नाही. चुनखडीच्या प्रदेशात पाऊस जमिनीत उतरला की तो चुना विरघळवून बरोबर घेतो, म्हणून तिथलं पाणी जड. ग्रॅनाइट तसा विरघळणारा दगड नव्हे. त्यातली गारगोटी तर जवळजवळ ढिम्मच, फेल्डस्पार नावाचं खनिज तेवढं हळूहळू कुजतं आणि त्याची माती होते. त्यामुळे ग्रॅनाइटमधून आलेलं पाणी बरेचदा हलकं असतं. साबण फेसाळतो, डाळ शिजते. पण चुना नाही म्हणजे पाण्यातला आंबटपणा मारणारंही काही नाही. पाऊस मुळात किंचित आम्ल, मातीतून जाताना आणखी कार्बन डायऑक्साइड घेतो, आणि तसाच आंबट राहून बोअरमधून वर येतो. असं पाणी नळाचं तांबं खातं. मुलीच्या न्हाणीघरातल्या पांढऱ्या बेसिनमध्ये नळाखाली हिरवट-निळा ओघळ होता. मी तो चिंचेने घासायची आणि परत उमटला की घरमालकाच्या आधीच्या भाडेकरूंना नावं ठेवायची. तो ओघळ म्हणजे नळाच्या आतलं तांबं आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जुन्या घरांत नळ शिशाचे असतील तर शिसंही असंच उतरतं, आणि त्याचा ओघळसुद्धा दिसत नाही.

पाण्याला किंचित खारट झाक होती. बेटावरच्या पावसातच समुद्राचे तुषार असतात, त्यामुळे थोडं मीठ वरूनच येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बाळ झालं. मुलीला दूध पुरेना, म्हणून वरच्या दुधाची पावडर सुरू झाली. आणि दूध करायचं काम अर्थातच आजीकडे. मी काय करत असेन? जे आयुष्यभर वर्गात शिकवलं तेच. पाणी स्वच्छ धुवट फडक्यातून गाळायचं, वीस मिनिटं खळखळा उकळायचं, निववायचं, बाटली भरायची. "पाणी गाळून, उकळून प्यावे" हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही.

तिथे बाळाला बघायला एक नर्स घरी येते. दहाव्या-बाराव्या दिवशी आली. वजन केलं, डोळे बघितले, आणि स्वयंपाकघरात उकळणारं पातेलं बघून सहज विचारलं, "पाणी नळाचं की बोअरचं?" बोअरचं म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. शेवटची तपासणी कधी झाली, विचारलं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. भाडेकरार करताना चाळीस पानं सह्या करून घेतली होती, पडदे किती आणि चमचे किती याचीसुद्धा यादी होती. पाण्याचा कागद त्यात नव्हता. ती म्हणाली, तपासून येईपर्यंत बाळाला बाटलीबंद पाणी द्या, आणि मला म्हणाली, "आजी, नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. म्हणजे ते वाढतं."

मंडळी, हे मला ठाऊक नव्हतं. वयाची सत्तरी ओलांडली, जंतू, पटकी, नारू सगळं शिकवून झालं, पण हे नव्हतं. मोठ्या माणसाला थोडं जास्त नायट्रेट पचून जातं. तान्ह्या बाळाचं तसं नसतं. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, आणि मग ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. बाळ निळं पडतं. पहिल्या काही महिन्यांत धोका सगळ्यात जास्त. आणि मी वीस-वीस मिनिटं उकळून तेच पाणी दाट करून पाजत होते.

बाळाला काही झालं नाही. लगेच सांगून टाकते, नाहीतर वन्संचा फोन येईल.

बेटावर सरकारी विश्लेषकाची प्रयोगशाळा आहे, तिथे नमुना दिला. अहवाल आला तो मी शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा वाचला. नायट्रेट ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर या मर्यादेच्या बरंच वर, आंबटपणा साडेसहाच्या मर्यादेखाली, तांबं होतं पण मर्यादेत. जंतू? शून्य. म्हणजे मी ज्याला घाबरत होते ते नव्हतंच, आणि जे होतं त्याला ना रंग, ना वास, ना चव. डाळ मात्र शिजत होती.

घरमालक जवळच राहतात. ऐंशीच्या पुढचे, मूळचे शेतकरी, फार सज्जन माणूस. आम्ही अहवाल घेऊन गेलो तर त्यांनी चहा केला, कागद लांब धरून बघितला आणि हसून म्हणाले, काहीतरी चूक आहे. "हे इथलं पाणी नाहीच. हे फ्रान्समधून येतं, समुद्राच्या तळाखालून. पिरेनीजच्या बर्फाचं पाणी. माझ्या वडिलांनी पाणाड्या आणून ही जागा शोधली होती."

(पाणाड्या हा शब्द अर्थातच माझा. तिथले पाणाडे हेझलच्या झाडाची बेचक्याची फांदी धरून चालतात. आपल्याकडे नारळ तळहातावर उभा राहतो, तिथे फांदी खाली वाकते. फरक तेवढाच.)

मी चाट पडले, कारण ही गोष्ट मला ऐकून पाठ होती! फक्त पिरेनीजच्या जागी काशी होती. राजापूरची गंगा प्रकटते तेव्हा ती थेट काशीहून येते असं आमच्या आजीने आम्हाला सांगितलं होतं. सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी खारा समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव गोड्या पाण्याच्या कशा, यावरही गावात अशाच कथा. जावयाने नंतर शोधलं तेव्हा कळलं की घरमालक एकटे नाहीत. जर्सीत ही समजूत जुनी आणि चिवट आहे. १९९० च्या दशकात ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बेटाच्या भूजलाचा अभ्यास करून सांगितलं की हे सगळं पाणी बेटावरच पडलेल्या पावसाचं आहे, तरी पाणाडे आणि त्यांना मानणारे लोक ऐकायला तयार नव्हते. वाद बरीच वर्षं चालला.

भूगोलाची बाई म्हणून मला सर्व्हेचं म्हणणं सोपं वाटतं. बेटाच्या कोपऱ्यांत ग्रॅनाइट आहे, मध्ये शेल आणि ज्वालामुखीचे खडक आहेत, पण सगळेच कठीण. त्यांच्या आत पाणी साठवायला जागा नाही. पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि तेही बहुतेक वरच्या पंचवीस-तीस मीटरमध्येच. खाली जाल तशा भेगा मिटत जातात. पाऊस वर्षाला साधारण साडेआठशे-नऊशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या मालवणात एकट्या जुलैत पडतो जवळजवळ तेवढा. त्यातला थोडासाच भाग, मुख्यतः हिवाळ्यात, खाली मुरतो. भूजलाची पातळी बेटाच्या आत उंच आणि किनाऱ्याकडे उतरती. म्हणजे पाणी बेटाकडून समुद्राकडे वाहतं, समुद्राकडून बेटाकडे नाही. आणि गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पुस्तकी हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं. भेगांच्या दगडात हा हिशेब इतका नीट जमत नाही, पण सिंधुदुर्गातल्या बावींच्या गोडीलाही काशी लागत नाही, पाऊस पुरतो.

मग पाणाड्याला पाणी कसं लागतं? कारण अशा बेटावर बहुतेक कुठेही पुरेसं खोल गेलात तर थोडंफार पाणी लागतंच. भेग सापडली तर जास्त, नाही सापडली तर कमी. ज्याचा पेपर सगळेच पास होतात त्या परीक्षेत पहिला आला म्हणून कोणाला हुशार म्हणत नाहीत.

पण घरमालकांना मी हे काही सांगितलं नाही. एकच विचारलं. पाणी पिरेनीजच्या बर्फाचं असेल, तर त्यात इथल्या बटाट्याचं खत कसं आलं?

ते गप्प झाले.

बटाट्याबद्दल दोन शब्द. 'जर्सी रॉयल' हा तिथला अभिमान. १८८० च्या सुमारास एका शेतकऱ्याला सापडलेला वाण, वसंतात सगळ्यांच्या आधी बाजारात येणारा, पातळ सालीचा. पूर्वी त्याला खत म्हणून समुद्राचं शेवाळ घालत, त्याला तिथे व्रॅक म्हणतात. आपल्याकडे माडांना घालतो तसंच. पुढे गोणीतलं खत आलं. बटाट्याची मुळं उथळ, पीक लवकर निघतं, आणि पिकाने न घेतलेलं नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. ते पाण्याबरोबर चालू लागतं. काढणीनंतर शेत रिकामं राहिलं, वर हिवाळ्याचा पाऊस आला, की ते सरळ भेगांतून खाली. वर खत, खाली बोअर, मध्ये काही मीटरचा फुटका दगड. वाळूच्या जाड थरातून जाताना पाणी गाळलं तरी जातं. भेगेतून ते नुसतं गळतं.

सगळं खापर शेतकऱ्यांवर फोडणं सोपं आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी खताचं प्रमाण कमी केलं आहे आणि नायट्रेट हळूहळू उतरतंही आहे, हे सांगायला हवं. शिवाय आमच्यासारखी गटाराला न जोडलेली घरं, त्यांच्या सेप्टिक टाक्या, त्यातूनही नायट्रेटच जातं. आणि आमचे जावईबापू अंगणातल्या हिरवळीला खत मारत होते, बोअरपासून दहा पावलांवर. नर्स येऊन गेल्यावर ती पिशवी रातोरात नाहीशी झाली, मी काही विचारलं नाही.

खताहून वाईट गोष्टही त्या बेटाने बघितली आहे. विमानतळावर आग विझवायच्या सरावात वापरलेला फेस जमिनीत मुरला, आणि १९९० च्या दशकात लक्षात आलं की सेंट वॉनच्या समुद्राकडच्या सखल भागातल्या बोअरींत त्यातली रसायनं उतरली आहेत. ती वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत, पाण्यातही नाहीत आणि माणसाच्या अंगातही नाहीत. त्या भागातल्या लोकांच्या रक्ताची तपासणी सरकारने केली ती २०२२ साली. मधली वर्षं मोजा.

निसर्ग मात्र निर्मळ आणि माणूस तेवढा घाण, असंही मला म्हणायचं नाही. ग्रॅनाइट स्वतःही देणं देतो. त्यात थोडं युरेनियम असतं, त्यातून रेडॉन वायू निघतो आणि पाण्यात विरतो. काही ग्रॅनाइटांतून फ्लोराइड येतं. तेलंगणात नळगोंड्याकडे त्यापायी पिढ्यांची हाडं वाकली, आणि आपल्याच चंद्रपूर-यवतमाळकडच्या कठीण खडकांतल्या कितीतरी बोअरींत ते आहे. तिथेही पाणी दिसायला काचेसारखंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की "आपलं पाणी लांबून, पवित्र ठिकाणाहून येतं" ही समजूत निरुपद्रवी नाही. ती ऐकायला गोड आहे, मला स्वतःला राजापूरची गंगा अजूनही आवडते, पण ती आपल्याला मोकळं सोडते. पाणी पिरेनीजचं म्हटलं की आपण शेतात काय टाकतो, संडासाचा खड्डा कुठे खणतो, फेस कुठे ओततो, याचा पाण्याशी संबंधच उरत नाही. बेटावर तरी पाणी दुसरीकडून येत नाही. जे वर पडलं, जिथून गेलं आणि वाटेत ज्याला भेटलं, तेच खाली. आणि घर भाड्याने देताना चमच्यांची यादी देता येते, तर पाण्याचा एक कागदही देता यायला हवा, दर वर्षीचा. माझ्या मते तो सक्तीचाच असायला हवा.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, आरओ लावा की. आम्हीही लावलं, स्वयंपाकघरात, कारण बाळ होतं आणि इलाज नव्हता. (साधा कोळशाचा फिल्टर किंवा दिव्याचा फिल्टर नायट्रेटला काही करत नाही, पैसे घालवू नका.) पण यंत्र माझ्या ओट्याखालचं पाणी सुधारतं, जमिनीखालचं नाही. आणि एकदा यंत्र बसलं की खालच्याकडे बघायची गरजच वाटेनाशी होते. ही आणखी एक पिरेनीजच झाली.

आता घरची गोष्ट. सप्टेंबरात परत आले तेव्हा डोक्यात आमची सासरची बाव होती. जांभ्या दगडात बांधलेली, थंडगार. माझ्या लग्नात त्या बावीचं पाणी प्यायले तेव्हापासून तिच्या चवीची मी भक्त आहे. पण तेव्हा बावीजवळ फक्त तुळस आणि अळू होतं. आज एका अंगाला गोठा आहे, वरच्या अंगाला होमस्टेच्या चार खोल्या आणि त्यांचा शोषखड्डा, पलीकडे कलमांना दर पावसाळ्यात गोणीचं खत. दगड तिथला वेगळा, पण जांभाही भोकाभोकांचाच. मी भाऊजींना फोन केला, म्हटलं, नमुना तपासून घेऊ. तालुक्याला, जिल्ह्याला भूजल खात्याच्या प्रयोगशाळा आहेत, खर्च फार नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी बायकांना तपासणीच्या पेट्या देऊन शिकवलंही आहे.

भाऊजी भडकलेच. "वयनी, ह्या बावीचा पाणी आज्यान पिल्यान, बापाशीन पिल्यान, कोणाक काय झाला?"

मी म्हटलं, भाऊजी, आज्याच्या वेळी शोषखड्डा होता काय?

फोन ठेवला त्यांनी. दोन महिने बोलणं नव्हतं. दिवाळीचा फोनही जावेने केला. त्यांचंही मला कळतं. होमस्टेच्या पाटीवर "आमच्या बावीचे गोड पाणी" असं लिहिलंय, अहवाल वाईट आला तर पाटीचं काय करायचं? आणि बाव म्हणजे नुसती बाव नाही. लग्नात आधी तिची पूजा, बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती तिच्याकडे. अशा बावीचं रक्त तपासल्यासारखं पाणी तपासायचं, हे त्यांना अपमानासारखं वाटत असणार. मला उलट वाटतं. घरात म्हातारं माणूस असलं तर आपण त्याची साखर तपासतो ती त्याच्यावर संशय असतो म्हणून नाही.

पण हे त्यांना सांगून पटलं नसतं. पटवलं ते जर्सीच्या नातवाने. येत्या मे महिन्यात तो गावी यायचा आहे, पहिल्यांदाच, आणि होमस्टेत नाही तर मोठ्या घरातच राहायचा आहे. जावेने भाऊजींना सरळ विचारलं, पोराला पाणी कुठलं देऊ? विकतचं? तुमच्या घरात?

परवा भाऊजींचा फोन आला. आवाज अजून घुश्श्यातच. नमुना द्यायला तयार आहेत, पण दोन अटी. बाटली पाण्यात सोडायच्या आधी बावीला नारळ द्यायचा. आणि अहवाल आधी त्यांच्या हातात यायचा, ग्रुपवर नाही. मी दोन्ही कबूल केल्या. तिसरी मी माझी घातली, नमुना पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस पडून गेल्यावर एकदा, असा दोनदा घ्यायचा. त्यावर ते "बघूया" म्हणाले. नारळ कधी द्यायचा, तो दिवस पंचांग बघून कळवणार आहेत.